दाणे कुणाच्या पदरचे

इंदूरच्या राजवाड्यासमोरच्या बागेत अहिल्याबाई होळकरांचा पुतळा आहे. श्रावण वद्य चतुर्दशीला, त्यांच्या पुण्यतिथीला, इथून पालखी जाते, भाषणं होतात, आणि त्यांत एक गोष्ट हमखास येते: मातोश्रींनी पाखरांसाठी शेतं राखून ठेवली होती. इंदूरच्या मराठी घरात वाढलेल्या प्रत्येकाने ती ऐकलेली असते. पण ती बहुतेक वेळा अर्धीच सांगितली जाते, आणि मला महत्त्वाचा वाटतो तो राहिलेला अर्धा भाग.

तो ब्रिटिश अधिकारी जॉन माल्कमच्या पुस्तकात आहे. हा माल्कम डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरला होळकरांच्या फौजेविरुद्ध लढला, नंतर माळव्याचा कारभार त्याच्याकडे आला आणि १८२३ मध्ये त्याचं मध्य हिंदुस्थानावरचं पुस्तक निघालं. बाईंना जाऊन तेव्हा तीस वर्षंही झाली नव्हती. त्यांना डोळ्यांनी पाहिलेली माणसं हयात होती आणि माल्कमने त्यांच्याकडे चौकशी केली. तो सांगतो की उन्हाळ्यात महेश्वरच्या आसपास बाईंचा माणूस औताला जुंपलेले बैल थांबवून त्यांना पाणी पाजत असे. नर्मदेतल्या माशांसाठीही अन्न ठरलेलं असे. आणि बाईंनी विकत घेतलेल्या शेतांत पाखरांचे थवेच्या थवे उतरत. याचं कारणही त्याने बाईंच्या तोंडून दिलं आहे: शेतकरी आपल्या पिकावरून पाखरं हुसकावतो ते योग्यच करतो, कारण त्या दाण्यांवर त्याचं स्वतःचं पोट आहे.

हे शेवटचं वाक्य भाषणांतून गळून जातं. बाईंच्या हातात राज्य होतं. पाखरं हाकू नका, पाप लागेल, असा हुकूम काढणं त्यांना अवघड नव्हतं आणि लोकांनी तो मानलाही असता. शेतकऱ्याला चार गोष्टी पुण्याच्या सांगून त्याच्याच कणसांवर पाखरं सोडता आली असती. त्यांनी आधी शेतकऱ्याचा हक्क मान्य केला, मग पाखराची भूक मान्य केली, आणि दोहोंच्या मध्ये स्वतःचा पैसा ठेवला. त्यांचा दानधर्म खासगीतून चाले. खासगी म्हणजे बाईंचे सासरे मल्हारराव यांच्या पत्नी गौतमाबाईंना १७३४ मध्ये पेशव्यांकडून मिळालेल्या जहागिरीपासून सुरू झालेली होळकरांच्या स्त्रियांची स्वतंत्र मिळकत. राज्याची तिजोरी वेगळी. दयेचा खर्च कुणाच्या खात्यावर टाकायचा, हे त्या बाईला नेमकं ठाऊक होतं.

मी शाळेत भूगोल शिकवत होते. निवृत्तीनंतर रामबागेतल्या आमच्या महिला मंडळात प्रवचन करते. भूतदयेवर बोलायचं म्हटलं की मी एकनाथांपासून सुरुवात करते. काशीहून रामेश्वराला वाहायला आणलेलं कावडीतलं गंगाजल नाथांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाला पाजलं, ही कथा सगळ्यांना पाठ आहे. पण त्यांनी पाजलं ते पाणी कुणाचं होतं, हे आपण विचारत नाही. ते त्यांचंच होतं. त्यांच्या खांद्याने वाहून आणलेलं, त्यांच्याच यात्रेचं फळ ज्यात साठलं होतं ते. शेजारच्या यात्रेकरूची कावड त्यांनी ओतली नाही.

आपल्याकडे गृहस्थाला पाच यज्ञ सांगितले आहेत आणि त्यांत एक भूतयज्ञ. माझ्या सासूबाई जेवायला बसण्याआधी गायीचा घास काढत, कावळ्याचा काढत, मुंग्यांना चिमूटभर पीठ घालत. त्यात दानशूरपणाची भावना कुठेही नसे. वाण्याची उधारी फेडावी तसं ते चाले. आपण जगतो ते इतर जिवांच्या जागेवर, त्यांच्या पाण्यावर, त्यांना बाजूला सारून. म्हणून ताटातलं थोडं आधी त्यांचं. हा ऋणाचा विचार आहे, आणि ऋण आपल्या ताटातूनच फिटतं.

एकदा हे मांडल्यावर मंडळातल्या एका काकूंनी मला अडवलं. त्यांचं वय माझ्याहून जास्त, आणि राजवाड्यासमोर पारव्यांना ज्वारी टाकायचा त्यांचा नेम कित्येक वर्षांचा. "मग आम्ही दाणे टाकतो ते काय शेजाऱ्याच्या पदरचे?" त्यांनी विचारलं. "पैसे माझे, ज्वारी माझी."

"ज्वारी तुमचीच आहे, काकू," मी म्हटलं. "पण त्या पारव्यांची विष्ठा ज्याच्या खिडकीत साचते आणि ती धूळ ज्याच्या छातीत जाते, त्याला कुणी विचारलं आहे का?"

काकू रागावल्या. पण २०२५ मध्ये मुंबईत दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला तेव्हा जो वाद पेटला, त्याचा गाभा हाच होता. दाणे टाकणाऱ्यांची श्रद्धा खोटी नव्हती. ज्यांना फुप्फुसाचा आजार जडतो त्यांचं म्हणणंही खोटं नव्हतं. आपल्या पुण्याचा काही भार न विचारता दुसऱ्याच्या श्वासावर पडतो आहे, हे कळल्यावर श्रद्धावानाने काय करायचं, एवढाच प्रश्न होता. अहिल्याबाईंनी शेत विकत घेतलं. पारव्यांसाठी त्याच मापाचं काही करता येतं का, यावर मुंबईत फार कमी लोक बोलले.

माझा मुलगा फ्लोरिडात टॅम्पाला असतो. तिथे गेले असताना तो आम्हा सगळ्यांना ऑरलँडोजवळच्या डिस्नेच्या ॲनिमल किंगडममध्ये घेऊन गेला. १९९८ साली सुरू झालेली ही बाग. तिच्या आशियाच्या भागात त्यांनी आनंदपूर नावाचं एक काल्पनिक राज्य उभं केलं आहे, आणि त्यात एका महाराजाच्या पडक्या शिकारवाड्यातून जाणारी वाट आहे. भिंतींचा गिलावा मुद्दाम उडवलेला, कमानी मुद्दाम भंगलेल्या, रंग मुद्दाम विटवलेले. त्या भग्न महालाच्या अंगणात खरेखुरे वाघ फिरतात, आतल्या दालनात मोठी वटवाघळं उलटी लटकलेली दिसतात आणि पुढे पक्ष्यांचा पिंजरा लागतो. मी तिथे फार वेळ रमले. ज्या गावाचा खरा राजवाडा १७४७ पासून उभा आहे, १९८४ मध्ये आगीत होरपळला आणि पुन्हा बांधला गेला, तिथल्या बाईला या नकली पडझडीचं काय वाटलं असेल याची कल्पना करा. मला राग आला नाही. कुणीतरी हे समजून घेतलं होतं की आपल्याकडे राजा आणि रानातलं जनावर यांचा संबंध आधी शिकारीचा होता आणि मग राखण्याचा झाला. इंदूरजवळच्या राळामंडळच्या टेकडीवर होळकरांची खरी शिकारगाह आहे. त्या टेकडीला १९८९ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. आनंदपूरची कल्पित गोष्ट आमच्या गावात खरी घडलेली आहे.

वाटेवर गर्दी मात्र नव्हती. गर्दी होती पलीकडे, एव्हरेस्टच्या नकली डोंगरातून धडधडत जाणाऱ्या गाडीसाठी. माझा नातू हात ओढत होता. "आजी, चल ना, लाइन वाढतेय." मी त्याला त्याच्या बाबाबरोबर पाठवून दिलं. नंतर मी आणि सूनबाई छोट्या आगगाडीने बागेच्या मागच्या बाजूला गेलो. तिथे संवर्धनाचं केंद्र होतं आणि जनावरांवरचे उपचार काचेतून बघता येत. डब्यात जागाच जागा होती. लाखो लोकांच्या तिकिटांवर चाललेल्या त्या बागेत, प्राण्यांसाठी खरोखर काय केलं जातं हे बघायला उतरणारे मोजके.

यावरून अमेरिकेला नावं ठेवायचा माझा विचार नाही. हेच आमच्या नवलख्याला घडतं. कमला नेहरू प्राणिसंग्रहालय, १९७४ पासूनचं, महापालिकेचं. रविवारी पोहे-जिलबी खाऊन निघालेली कुटुंबं तिथे येतात आणि सरळ पांढऱ्या वाघाकडे जातात. त्याच्यासमोर मुलं खांद्यावर चढवली जातात, फोन वर होतात. लांडग्याच्या कुंपणाशी कुणी थांबत नाही, हा काय, कुत्राच, असं म्हणून पुढे सरकतात. तरसाकडे बघून तोंड वाकडं करतात. आणि पाण्याच्या काठाला लांबोळकं तोंड उघडून निश्चल पडलेला घडियाल खरा आहे की सिमेंटचा, यावर पैज लावून निघून जातात.

आता या पांढऱ्या वाघाची कुळकथा बघा. १९५१ च्या मे महिन्यात रिवाच्या महाराजा मार्तंडसिंहांनी जंगलात एक पांढरं पिल्लू पकडलं. त्याचं नाव मोहन ठेवलं आणि गोविंदगढच्या राजवाड्यात त्याला पाळलं. पांढरी संतती मिळावी म्हणून पुढे त्याची जोडी त्याच्याच मुलीशी, राधाशी लावली, आणि १९५८ मध्ये पांढरी पिल्लं झाली. आज पिंजऱ्यांत दिसणारे बहुतेक पांढरे वाघ त्या एका वंशाचे आहेत. ही वेगळी जात नव्हे. वाघातलाच रंगाचा एक दुर्मिळ अप्रभावी जनुक, जो जपण्यासाठी नात्यातल्या नात्यात पैदास करत राहावी लागते. त्याची किंमत ते जनावर मोजतं: डोळ्यांतला तिरळेपणा, नाना दुबळेपणा. रानात सोडण्यासाठी त्यांना कुणी वाढवत नाही. आपल्या डोळ्यांना हवा तो रंग त्यांच्या शरीरातून काढून घेतला जातो, आणि त्याला आपण वन्यजीवप्रेम म्हणतो. दया करणारे आपण, मोल देणारा वाघ. माल्कमने सांगितलेल्या त्या शेताच्या हे बरोबर उलट आहे.

मी पुष्कळ वर्षं या प्रश्नाशी घुटमळले आहे की लोकांची पावलं घडियालापाशी का थांबत नाहीत. तो सुंदर नाही, हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. आपल्याकडे लोक अनघड शेंदूर फासलेल्या दगडासमोर हात जोडून तासभर उभे राहू शकतात. रूप ही आपल्या दर्शनाची अट कधीच नव्हती. मला वाटतं, पांढऱ्या वाघाचं आपण काही देणं लागतो, असं बघणाऱ्याला जाणवत नाही. तो पिंजऱ्यातच जन्मला, त्याचं रान कुठेच नाही, म्हणून त्याच्याकडे निश्चिंतपणे बघता येतं. लांडग्याचा माळ आपण नांगरला आहे. घडियालाच्या नदीत आपण गटारं सोडली आहेत. त्यांच्यासमोर उभं राहणं म्हणजे सावकारासमोर उभं राहणं.

भूगोलाच्या तासाला मी मुलींना राजवाड्यापासून चालत कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपर्यंत नेत असे. पाच-दहा मिनिटांची वाट. तिथे कान्ह नदी आहे. मग फळ्यावर पुढचा प्रवास काढायचा: कान्ह उज्जैनच्या अलीकडे त्रिवेणीला क्षिप्रेला मिळते. क्षिप्रा महिदपूरवरून उत्तरेला जाऊन चंबळेला मिळते. चंबळ गांधीसागरात अडते, राजस्थानातली धरणं आणि कोट्याचा बंधारा ओलांडते आणि मग खोऱ्यांतून वाहत यमुनेकडे जाते. चंबळेचा उगमही आपल्याच जिल्ह्यात, महूजवळच्या जानापावला. त्या खालच्या चंबळेत जगातले सर्वाधिक घडियाल उरले आहेत. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ही जात संपल्यात जमा होती. १९७५ मध्ये मगरींच्या संवर्धनाचा प्रकल्प सुरू झाला, अंडी गोळा करून पिल्लं वाढवून नदीत सोडणं सुरू झालं. मुरैन्याजवळ देवरीला हे काम आजही चालतं. आणि २००७-०८ च्या हिवाळ्यात त्याच चंबळेच्या शेवटच्या पट्ट्यात शंभरावर घडियाल मेले. मूत्रपिंडं निकामी झाली होती, शरीरात गाउटमध्ये साचतात तसे खडे साचले होते. संशय यमुनेकडून आलेल्या विषावर गेला. तो आमच्या कान्हचा दोष नव्हता, मध्ये एवढी धरणं आहेत. पण नवलख्याच्या कुंपणातला तो घडियाल आणि छत्र्यांखालचं पाणी एकाच नदीच्या कुळातलं आहे, हे इंदूरच्या माणसाला ठाऊक असलं पाहिजे.

इंदूरने कान्हसाठी काही केलं नाही असं कुणी म्हणू नये. घराघरांची, गल्लीगल्लीची नाल्यात पडणारी सांडपाण्याची तोंडं बंद झाली. २०२१ मध्ये देशातलं पहिलं वॉटर प्लस शहर म्हणून आमचं नाव लागलं. ही खरी कष्टाची कामं आहेत. तरीही उज्जैनचा सिंहस्थ आला की मनात काटा रुततो. २०१६ च्या सिंहस्थासाठी कान्हचं पाणी उज्जैनच्या घाटांना वळसा घालून पुढे सोडायला जलवाहिनी टाकली, आणि आता २०२८ साठी आणखी मोठा बंद कालवा होतो आहे. भाविकाला स्वच्छ पाण्यात डुबकी मिळावी हे योग्यच. पण वळवलेलं पाणी घाटाच्या खाली पुन्हा त्याच क्षिप्रेत जातं. तिथे स्नानाला कुणी येत नाही. तिथे मासे आहेत, कासवं आहेत, पाणी प्यायला येणारी गुरं आहेत आणि नदीकाठची खेडी आहेत. माझं पापक्षालन त्यांच्या पाण्यात जमा होत असेल, तर ते क्षालन झालं का? महेश्वरला नर्मदेच्या माशांना जेवू घालणाऱ्या बाईसमोर हा प्रश्न ठेवला असता तर तिने काय उत्तर दिलं असतं, याविषयी मला तरी शंका नाही.

बाईंनी विकत घेतलेल्या त्या शेताचा सगळ्यात जवळचा वारस मला इंदूरपासून बरंच दूर, रतलामपलीकडे सैलान्याला सापडला. मराठीत ज्याला तणमोर म्हणतात आणि माळव्यात खरमोर, तो पक्षी पावसाळ्यात तिथल्या गवताळ माळांवर येतो. विणीच्या दिवसांत नर गवतातून उसळी मारून हवेत वर येतो, पंख फडफडवतो आणि पुन्हा गवतात बुडतो, दिवसभर. मादीने आपल्याला बघावं म्हणून. आज ही जात अत्यंत संकटात आहे. माळव्यात सोयाबीन आलं, गवताची कुरणं नांगराखाली गेली, उरली ती चराईने झिजली. सलीम अलींसारख्या पक्षितज्ज्ञाच्या आग्रहामुळे १९८३ मध्ये सैलान्याचं अभयारण्य झालं. त्याच साली धार जिल्ह्यात सरदारपूरलाही झालं.

दोन्हींची तऱ्हा मात्र वेगळी. सरदारपूरला चौदा गावांच्या शेतजमिनी अभयारण्याच्या हद्दीत गेल्या आणि त्यांच्या खरेदी-विक्रीवर वर्षानुवर्षं बंदी राहिली. मुलीचं लग्न असो, आजारपण असो, बापाला जमिनीचा तुकडा विकता येत नसे. पक्षी राखण्याचं पुण्य सरकारच्या नावावर, त्याचं मोल त्या गावांच्या माथी. तिथल्या लोकांच्या मनात खरमोराविषयी काय भावना तयार झाली असेल, हे सांगायला नको. सैलान्याला अभयारण्याबाहेर, शेतांच्या बाबतीत वन विभागाने दुसरी वाट धरली: तुमच्या शेतात खरमोर दिसला तर कळवा, घरटं असेल तर राखा, त्याचं बक्षीस घ्या. रक्कम फार मोठी नाही. पण तिच्यात एक मान्यता आहे की हे शेत तुझं आहे आणि तू पाखरू राखतोस त्याचा मोबदला तुला मिळाला पाहिजे. तिथल्या बांधावर भेटलेले एक आजोबा त्या पक्ष्याविषयी घरच्या पाहुण्यासारखं बोलत होते: यंदा उशिरा आला, पाऊस ओढला होता ना, म्हणून. मला पक्षी दिसला नाही. पावसात, चिखलात, गवताच्या उंचीत तो बहुतेकांना दिसत नाहीच, आणि म्हणून तिथे सहली जात नाहीत.

काकूंना मी सैलान्याची ही गोष्ट सांगितली तेव्हा त्यांनी विचारलं, "म्हणजे आम्ही नेमकं काय द्यायचं ते सांग. नुसतं ज्ञान नको." प्रश्न रास्त होता. आमच्या मंडळात पुण्यतिथीच्या अन्नदानासाठी वर्षभर वर्गणी जमते. त्यातला एक वाटा काढून, खरमोर राखणाऱ्या शेतकऱ्यांच्या बक्षिसात वन विभागामार्फत भर घालता येईल का, हे विचारावं, असं मी सुचवलं. दोघीतिघींना पटलं. कुणी म्हणालं, माणसांच्या पंगतीतलं काढून पाखराला देणं बरं नव्हे. हा आक्षेप मला खरा वाटतो, कारण मग मोल पुन्हा दुसऱ्याच्याच पानातून जाईल. तेव्हा वर्गणीला हात लावायचा नाही आणि ज्यांना द्यायचं आहे त्यांनी आपलं वेगळं द्यायचं, इथपर्यंत बोलणं आलं आहे. काकूंनी अजून होकार दिलेला नाही. त्यांनी ज्वारीचा महिन्याचा खर्च मात्र माझ्याकडून कागदावर मांडून घेतला आहे.